जंतूचं चित्र लावा, पण रंग कोणी भरला तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोगजंतूंच्या सूक्ष्मदर्शकातल्या फोटोंचे मोठे प्रिंट लोक हौसेने घरात लावतात, असा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला. हा रुग्णांच्या दुःखाचा बाजार आहे, असं त्यावर एका वाचकांनी कळवलं. मी तीस वर्षं घाटंजी तालुक्यात सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये टीबीचे बेडके तपासले. मला बाजाराचं काही वाटलं नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

दिवाळीत नागपूरला पुतण्याकडे गेलो होतो. सोफ्याच्या मागे दाराएवढी फ्रेम. जांभळ्या अंधारात मोरपंखी कांड्या, एकीवर एक पडलेल्या. मला वाटलं पऱ्हाटीचं काहीतरी आहे. पुतण्या म्हणाला, "काका, ओळखलं नाही? तुमचेच टीबीचे जंतू!" माझी बायको सोफ्यावरून उठून खुर्चीवर जाऊन बसली. "माय वं, पैसे देऊन टीबी आनला घरात!"

चित्र देखणं होतं, खोटं कशाला बोलू. पण ज्या जंतूंनी माझे डोळे गेले, ते मला ओळखता आले नाहीत, ही गोष्ट परतीच्या एसटीत डोक्यातून जाईना.

ओळखू येणार कसे? ते फोटो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे असतात. मेलेला, वाळवलेला जंतू, त्यावर बहुतेक वेळा सोन्याचा अगदी पातळ मुलामा (आमच्या गावच्या देवाला अजून मिळायचा आहे), आणि त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत. त्यातून निघतं ते चित्र काळंपांढरं. मोरपंखी रंग नंतर संगणकावर बसून कोणीतरी भरतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या चित्रसंग्रहात असे बरेच फोटो फुकट मिळतात आणि रंग संगणकावर भरल्याचं खाली लिहिलेलंही असतं. पुतण्याच्या फ्रेममध्ये ती ओळ नव्हती. कोपऱ्यात जंतूचं नाव तेवढं, तेही लॅटिन.

पुतण्या वकील आहे. म्हणाला, "काका, रंग तर तुम्हीही लावता." बरोबर आहे. १८८२ साली रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये हा जंतू पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्यानेही रंगवूनच दाखवला, आणि त्याचे जंतू निळे होते, भोवतालचं तपकिरी. आमचे गुलाबी, ते झील आणि नील्सन यांच्या पद्धतीमुळे. पण तो गुलाबी माझ्या मर्जीचा नव्हता. खराट्याची काडी मोडायची, तिच्या फाटक्या टोकाने बेडक्यातला पिवळा घट्ट भाग उचलायचा आणि काचेवर २ बाय ३ सेंटिमीटर पसरायचा. वाळवून ज्योतीवरून फिरवला की वर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग. खालून आच अशी द्यायची की वाफ निघेल पण उकळी येणार नाही. पाच मिनिटांनी धुवायचं आणि २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड ओतायचं. ॲसिडने बाकी सगळ्याचा रंग उतरतो, टीबीच्या जंतूचा उतरत नाही, कारण त्याच्या अंगावर मेणासारखं चिवट कवच असतं. शेवटी मिथिलीन ब्लू. निळ्यावर गुलाबी काडी राहिली, तर ती कोणाच्या आवडीने नाही, जंतूच्या हट्टाने राहिली. कुष्ठरोगाचेही तसेच, पातळ ॲसिडला दाद न देणारे. कानाच्या पाळीच्या स्लाइडवर बिडीच्या कट्ट्यासारखे एकत्र बांधलेले दिसतात.

एका पोडावरची (कोलामांच्या वस्तीवरची) कोलाम आजी आठवते. चार महिन्यांचा खोकला, रिपोर्ट टू प्लस, म्हणजे जंतू बरेच. "मले दाव तं खरं, काय हाय त्यात." नियमात बसत नव्हतं, पण दुपारची वेळ, साहेब मीटिंगला. स्टुलावर बसवलं. एक डोळा मिटायला तिला जमेना, तर तिने पदरच धरला त्या डोळ्यावर. बराच वेळ पाहून म्हणाली, "निळ्या लुगड्यावर गुलाबी सुताचे तुकडे पडले वानी दिसते. येवढुसे? आन मले उठू नाही देत?" दोन महिन्यांनी फेरतपासणीला डबी देऊन ती बाकावर बसली नाही, थेट माझ्या दाराशी उभी राहिली. निघून गेली असती तर बरं, अशी आमची शिपाईबाई पुटपुटत होती. स्लाइड तयार व्हायला वेळ लागतो. ती हलली नाही.

२००४ साली माझी स्वतःची स्लाइड मीच पाहिली. शंभर फील्डमध्ये (एका वेळी भिंगाखाली दिसतो तो भाग म्हणजे फील्ड) सात जंतू. नियमाप्रमाणे लाल शाईने रजिस्टरमध्ये ७ आकडा टाकला आणि उरलेल्या स्लाइड वाचायला घेतल्या. घरी सांगायला दोन दिवस लागले. बायको त्या सोफ्यावरून का उठली, हे पुतण्याला माहीत नाही.

आता बऱ्याच ठिकाणी टीबी तपासायची ट्रूनॅट, सीबीनॅट ही मशीनं आली. मशीनमध्ये नमुना घालायचा, उत्तर पडद्यावर. चांगलंच आहे, आमच्या डोळ्यांना सुटणारे जंतूही त्यात सापडतात. पण त्यात आजीला दाखवण्यासारखं काही राहिलं नाही. म्हणून म्हणतो, हे प्रिंट नागपूर-पुण्याच्या फ्लॅटपुरते कशाला? आमच्या उपकेंद्रांच्या भिंतींवरही लावा. फक्त खाली मराठीत दोन ओळी हव्यात: जंतू किती पट मोठा केला आणि रंग कशाने आला. आपल्या पुरवणीतल्या फोटोखालीही त्या नव्हत्या.

मोबाइल सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) टेकवून काढलेले तीन फोटो माझ्याजवळ आहेत. कडा काळ्या आल्या आहेत आणि एकात तेलाचा बुडबुडा आहे. रुग्णाचं नाव, नंबर कशावरच नाही. छापणार असाल तर पाठवतो, मोबदला नको. रंग मात्र वाढवू नका.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ता. घाटंजी, जि. यवतमाळ