मा. कृषिमंत्री, माती राखणाऱ्याचा माल काट्यावर का चढत नाही?

मा. कृषिमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मी तेरणाकाठचा, औसा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. मागच्या आठवड्यात हमीभाव खरेदी केंद्रावरून माझं सोयाबीन परत आलं. ग्रेडरनं मूठभर दाणे यंत्रात टाकले, ओलावा 14 टक्के निघाला. मर्यादा 12 टक्क्यांची. सप्टेंबरभर पाऊस, काढणी चिखलातली. वाळवायला ऊन कुठून आणायचं होतं? 2025-26 ला क्विंटलला 5,328 हमीभाव असलेला माल आडतीवर 4,100 नं घालून आलो. ट्रॅक्टरचं भाडं वेगळं. मग हमी नेमकी कशाची दिली होती?

पण माझं भांडण एवढ्यावर थांबत नाही.

2018 साली पोकरा, म्हणजे हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा सरकारी प्रकल्प आला. जागतिक बँकेचा पैसा, मराठवाड्यातले आठही जिल्हे. कृषी सहायकांनी बांधावर येऊन सांगितलं, उताराला आडवी पेरणी करा, रुंद वरंबा सरी करा (रुंद गादीवर पेरा, दोन्ही बाजूंना सऱ्या सोडा), सोयाबीनमध्ये तूर घ्या. मी ऐकलं. सप्टेंबर 2025 च्या पुरात नदीकडची पट्टी गेलीच, मुरूम उघडा पडला. पण वरच्या रानात सऱ्यांनी गाळ धरून ठेवला, तुरीच्या बुडाशी पालापाचोळा अडकून राहिला. शेजारी उताराच्या दिशेनं पेरलेल्या रानात हातभर खोल घळी पडल्या. ते शास्त्र खरं आहे, साहेब. मी माझ्या रानात पाहिलंय.

आता पुढचं ऐका. हेक्टरमागं किती क्विंटल माल घ्यायचा, ही खरेदीची मर्यादा तुम्ही जिल्ह्याच्या सरासरी उत्पादकतेवर ठरवता. म्हणजे ज्यानं जमीन सुधारून चार पोती जास्त काढली, त्याची तीच चार पोती केंद्रावर चालत नाहीत. एक योजना उत्पादन वाढवा म्हणते, दुसरी वाढलेलं घेत नाही. 2020 पासून बाजारासाठी स्मार्ट प्रकल्पही आहे, त्यालाही पैसा जागतिक बँकेचाच. दोन्ही फायली तुमच्याच खात्यात. त्या कधी एका टेबलावर आल्या का?

तुरीचं तेच. 2021 पासून आयातीला मोकळीक आहे, मुदत संपत आली की ती वाढते. 2024-25 च्या हंगामात हमीभाव 7,550 होता, माझ्या तुरीला सात हजारही मिळाले नाहीत. ज्वारी तर बाजारानं कधीच हाकलली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागं जनावरं गेली, जनावरांमागं शेणखत. आणि आता माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब (शेणखत-पालापाचोळ्यातून येणारा मातीचा कस) कमी म्हणून तुम्ही आम्हालाच उपदेश करता! कर्ब कुणी खाल्ला? बाजारभावानं खाल्ला.

उसाला मात्र एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, कायद्यानं मिळते, 14 दिवसांत पैसे देण्याचं बंधन. कारखाने ते पाळत नाहीत, हे वेगळं. तरी शेतकरी ऊसच लावणार, कारण तेवढीच खात्री आहे. त्या खात्रीपायी पाणी उसाला गेलं, आणि 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हाही दोष शेतकऱ्याच्याच माथी. धोरण मुंबईत ठरतं, आयात दिल्लीत ठरते, आणि खरडलेलं रान आमच्या नावावर सातबाऱ्यात राहतं. पुरात खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार आणि रोजगार हमीतून 3 लाख जाहीर करून ती माती परत येते का? ती बनायला शेकडो वर्षं लागतात.

मला अनुदानाची नवी योजना नको. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरच्या पीकनोंदीत) आंतरपीक नोंदलेलं असतं, बांधबंदिस्तीची नोंद तुमच्याच कार्यालयात असते. ज्यानं माती राखली त्याचा माल आधी काट्यावर घ्या, आणि त्याला सरासरीची मर्यादा लावू नका. ओला माल परत पाठवण्याऐवजी केंद्रावर वाळवणी यंत्र बसवा. ज्वारी आणि करडईची खरेदी तालुक्याला एका ठिकाणी तरी खरोखर सुरू करा.

तूर डिसेंबरअखेर काढणीला येईल. हेक्टरी मर्यादेचं परिपत्रक त्याआधी निघालं पाहिजे. मार्चमध्ये काढाल तेव्हा माल व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेला असेल.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी, ता. औसा, जि. लातूर