सुपारीचा कोळेरोग आणि शिळे बोर्डो

संपादक महोदय,

कोकणात कोळेरोगाने (पावसाळ्यातील फळकुजीने) सुपारीची कोवळी फळे गळू लागली की मग बोर्डो मिश्रणाची (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची) धावाधाव सुरू होते. पहिली फवारणी पाऊस लागण्याआधीच हवी, दुसरी ४०-४५ दिवसांनी उघडीप साधून. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये; पिंपे प्लास्टिकची, लोखंडी मुळीच नकोत. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या गाळलेल्या पाण्यात ढवळत ओतावे. घासलेला विळा मिनिटभर बुडवून तांबूस झाला तर चुना कमी (जुना, विरलेला चुना असला की हे होतेच). आणखी घालावा, नाहीतर घोस करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. आणि रोग पसरवणारी गळलेली फळे बुंध्याशीच कुजू देणाऱ्यांनी फवारणीवर खर्च तरी कशाला करावा?

– एक बागायतदार, श्रीवर्धन