चर्चमधली संध्याकाळची शाळा

मा. संपादक, स. न.

दिवाळी झाली की आमच्या पाथर्डी तालुक्यातली कितीतरी जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात. मागे म्हातारे उरतात आणि शाळकरी मुलं. आमच्या गावात या मुलांना संध्याकाळी सांभाळतं ते पत्र्याच्या छपराचं चर्च. मंडळी जेमतेम पंधरा-वीस घरांची, तीही शेतमजुरांचीच. पाळकांच्या पत्नी पाढे आणि वाचन घेतात. महिला मंडळातल्या बाया पाळीपाळीने भाकरी-पिठलं आणतात. दुष्काळी वर्षातही त्यांनी हे थांबवलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. येणारी बहुतेक मुलं ख्रिस्ती नाहीत. कुणाला जात-धर्म विचारलेला मी कधी ऐकला नाही.

मी वारकरी घरातली, निवृत्त शिक्षिका. पेटी-तबल्यावर तिथे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं चालतात, तेव्हा परकं काहीच वाटत नाही. या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं. मिशनच्या सिंथिया फरारबाईंनी नगरात मुलींच्या शाळा चालवल्या. शिकवण्याची ती रीत इथे अजून जिवंत आहे.

पण सरकारची जबाबदारी या गरीब मंडळींवर का पडावी? मागे राहणाऱ्या मुलांसाठीचं सरकारी हंगामी वसतिगृह त्यांचे आईबाप गाव सोडण्याआधी सुरू व्हायला हवं, नंतर नव्हे. आणि ग्रामपंचायतीने वस्तीपासून चर्चपर्यंतच्या रस्त्यावर दिवे लावावेत. मुली अंधारातून घरी जातात.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर