बेटावर पाय न ठेवता

दक्षिण अमेरिका म्हटली की प्रवासलेखांत माचू पिचूच येते, म्हणून हे पत्र. पेरू देशाची राजधानी लिमा, तिथून पॅन-अमेरिकन महामार्गाने दक्षिणेला निघालो की उजवीकडे समुद्र आणि डावीकडे वाळूचे बोडके डोंगर. सुमारे २५० किलोमीटरवर पाराकास. तिथून बोटीने बायेस्तास बेटे. दिसण्याआधी त्यांचा वासच येतो! पक्ष्यांची विष्ठा, म्हणजे ग्वानो. एकोणिसाव्या शतकात याच खताने पेरूची तिजोरी भरली. जवळच्या चिंचा बेटांवर ते खणायला चिनी मजूर राबवले गेले. खडकांवर समुद्रसिंहांचा गोंगाट, बूबी आणि पाणकावळ्यांचे थवे, आणि चक्क पेंग्विन. वाळवंट आणि ही समृद्धी, दोन्हींच्या मुळाशी थंड हम्बोल्ट सागरी प्रवाह: पाऊस पडू देत नाही, मासळी मात्र मुबलक देतो.

पर्यटकांना बेटावर उतरू देत नाहीत. आधी चुटपुट लागली. मग पिल्लांभोवती सेल्फीवाल्यांची झुंबड डोळ्यांपुढे आली आणि चुटपुट गेली. आपल्या कोकणातल्या वेंगुर्ला रॉक्स या बेटांवरही सुरय आणि पाकोळ्या घरटी करतात. विणीच्या हंगामात तिकडे बोटी नेणाऱ्यांनीही अंतर राखावे, एवढीच विनंती.

– एक वाचक, पुणे