रविवारच्या सभेआधी

सर्वांना जय ख्रिस्त. येत्या रविवारी उपासनेनंतर फोंड्याच्या प्रार्थनागृहात सभा आहे. विषय तोच: जागा बदलायची की इथलंच गळकं कौलारू छप्पर दुरुस्त करायचं. मागच्या वेळी चहा निवायच्या आत हात वर झाले, नकाशाही टेबलावर आला. प्रार्थना मात्र शेवटी, घाईघाईत, लोक चपला शोधत असताना. (मीही त्यांतच.) बायबलमध्ये पाहा: अंत्युखिया शहरातल्या मंडळीत उपास आणि उपासना चालू असताना पवित्र आत्मा बोलला, मग बर्णबा व शौल (म्हणजे पौल) यांना सुवार्तेच्या कामाला पाठवलं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 13 वाचून या. शनिवारी संध्याकाळी 7 वाजता फक्त प्रार्थनेला बसू. कोटेशनं आणलीत तरी पिशवीतच राहू द्या. रविवारी मतदान नाही.

– सचिव