शाल नको, बिदागी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पूर्वी साधना होती, आता धंदा झाला. रील आणि डॉल्बीनं गाणं संपवलं, अशी तक्रार करणारं एका वाचकांचं पत्र गेल्या रविवारी आपल्या अंकात आलं. मी मिरजेचा. सत्तावीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, लग्नसराईत बेंजो पार्टीतही उभा राहिलो. म्हणजे पत्रात ज्यांना 'बाजारू' म्हटलंय, त्यांच्यातलाच एक.

बाजार कधी नव्हता हो? आमच्याकडे सतारी-तंबोरे करणाऱ्यांचे पूर्वज हत्यारांना धार लावणारे शिकलगार. तलवारींचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा त्यांचे हात सतारीच्या भोपळ्याकडे वळले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हा मिरजकरांची छाती फुगली. पण मानांकन म्हणजे काय? आमच्या नावावर दुसऱ्यानं माल खपवू नये, ही सोय. ती बाजारासाठीच. तंबोरा घ्यायला गेलेला माणूस कारागिराला "सरस्वतीची सेवा आहे, पैसे कसले घेता?" असं म्हणत नाही. तो तंबोरा छेडून गाणाऱ्याला मात्र सर्रास म्हणतात.

किराणा घराण्याचे थोर गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांच्या काळात तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची. तासभर आळवायचा राग तेवढ्यात बसवायचा, हे धंद्याचंच माप. त्या तबकड्या आज ऐका आणि गाणं कुठे कमी पडलं ते सांगा. आता स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं, तरच ते मोजलं जातं, आणि 2024 पासून वर्षभरात हजार वेळा वाजलं नाही, तर त्याचा पैसाच निघत नाही. मग पोरं सुरुवातीचा नुसत्या वाद्यांचा पीस कापतात आणि थेट मुखड्यावर येतात. हे मला खटकतं, कारण तो पीस हीच आम्हा वाजवणाऱ्यांची भाकरी. पण त्यात पोरांना काय दोष द्यायचा?

आमच्या वेळी पैसा देणारा समोर बसलेला असायचा. खरसुंडीच्या यात्रेत चिठ्ठीला दहाची नोट टाचून फर्माईश यायची. एकच उडतं गाणं एका रात्रीत पाच वेळा वाजवलंय, बोटं शिव्या देत होती. पण तेव्हा दहाला आवाज बंद करायची सक्ती नव्हती. दोननंतर पोरंटोरं पांगली की आमचा गायक हळूच नाट्यपद काढायचा. घोंगडी पांघरून बसलेले म्हातारे पुढे सरकायचे. त्यांच्या चिठ्ठीला नोट नसायची, नुसतं "परत एकदा". त्या पहाटेच्या तासाचा खर्च संध्याकाळच्या उडत्या गाण्यांनी भागवलेला असायचा, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या म्हाताऱ्यांना असेल-नसेल.

वाजवायचा पैसा हातात तरी पडायचा. चालीचं काय होतं, तेही सांगतो. नव्वदच्या सुमारास एका कॅसेटवाल्याला मी देवीच्या दोन गाण्यांच्या चाली दिल्या. पाचशे रुपये आणि सहा कॅसेटी मिळाल्या. त्यातलं एक गाणं आज नवरात्रात गल्लोगल्ली वाजतं, यूट्यूबवर लाखांनी ऐकलं जातं. संगीतकार म्हणून तिथे कुणाचंच नाव नाही. 2012 मध्ये कायदा बदलला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क आता कागदावर लिहून घेऊनही काढून घेता येत नाही, हे चांगलंच झालं. माझा व्यवहार त्याच्या किती आधीचा! आणि कागद तरी कसला, चहाच्या बिलामागे केलेली सही.

आपल्याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव. त्यांच्या लावण्यांवर तमाशाच्या किती फडांचे संसार चालले आणि ते स्वतः 1945 साली हलाखीत गेले. त्यांना कुणी बाजारात उतरू नका म्हणून अडवलं असतं, तर लावणीच राहिली नसती. त्यांचं नुकसान झालं ते बाजारानं हिशेब दिला नाही म्हणून.

सेवेचं म्हणाल, तर मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मोठमोठे गवई हजेरी लावून जातात. तिथे बिदागीची भाषा कुणी करत नाही. मीही एकदा दोन तास पेटीची साथ केली, त्या रात्री झोप लागली नाही. पण ती सेवा आम्ही आपणहून केलेली. ती मागून घ्यायची नसते. गेल्या साली आमच्या भागातल्या एका मंडळानं मंडप, लायटिंग, डॉल्बी, सगळ्यांचे पैसे रोख मोजले. भावगीतांच्या कार्यक्रमाला आम्ही चौघे गेलो, तर म्हणाले, "सर, तुम्ही कलाकार माणसं, तुम्हाला काय पैसे द्यायचे?" आणि शाल-श्रीफळ दिलं. डॉल्बीवाल्याला शाल दिली असती तर त्यानं तिथल्या तिथे वायरी गुंडाळल्या असत्या.

गणपती जवळ आलेत, मंडळांच्या बैठका सुरू आहेत. वादकांची रक्कम आधी ठरवा, निम्मी सुपारीच्या वेळी द्या. वर्गणी कमी पडली असेल तर तसं सांगा, जमेल त्या पैशांत वाजवू, एखाद्या वेळी फुकटही वाजवू. आणि गेल्या रविवारच्या पत्रलेखकांनी जुनं, अस्सल गाणं शेवटचं कधी तिकीट काढून ऐकलं, तेही कळवावं. माझ्या कपाटात सतरा शाली आहेत, आणि मिरजेत तेवढी थंडी पडत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त कीबोर्डवादक, मिरज