सूचना : रविवारचा प्रौढ इंग्रजी वर्ग

शिकवणाऱ्या सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता विश्रामबागच्या नेहमीच्या खोलीत नवी तुकडी सुरू होतेय. दहा मिनिटं आधी या, सतरंज्या घालायच्या आहेत.

एक कळकळीची विनंती. पहिल्याच दिवशी फळाभर एबीसीडी लिहू नका. अक्षरं २६, ध्वनी मात्र साधारण ४४, त्यात कॅपिटल वेगळं, स्मॉल वेगळं. लिहिलंय तसं वाचायची सवय असलेला आपला माणूस तिथंच बिचकतो. आधी कानाला आणि जिभेला वळण लागू द्या : नाव, गाव, काम, किंमत. क्रियापदाची जागाही तोंडी बोलूनच दाखवा. 'मी हळद विकते' हे 'आय सेल टर्मरिक' होतं, विकणं मध्ये येतं.

मागच्या तुकडीत मार्केट यार्डात हळद निवडायला जाणाऱ्या एका मावशी गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या होत्या. 'ईएक्सपी' (म्हणजे औषधाची मुदत कधी संपते ते) आणि पुढचा महिना-साल त्यांनी बोट ठेवून स्वतः वाचलं. त्या दिवशी घरी जाऊन सगळ्या पट्ट्या तपासल्या म्हणे! म्हणून येताना रिकाम्या पट्ट्या, बिस्किटांचे पुडे, बँकेच्या कोऱ्या स्लिपा जरूर आणा.

कुणी चुकलं तर मध्येच तोडू नका. बोलणं पुरं होऊ द्या, मग बरोबर वाक्य आपण एकदा म्हणा. उच्चाराला हसणं वर्गात अजिबात चालणार नाही.

बरेच जण चष्मा विसरतात, फळ्यावर मोठं लिहा. कोण येणार ते शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.